ल्हासाचे पाणी

नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ पासून पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल प्रभृती नेते स्थानबद्ध होते, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच नगरच्या लष्करी छावणीत त्याआधी दुसऱ्याच एका जातीचे कैदी येऊन गेले होते, त्यांची आठवण मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही. १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध पेटले आणि हिंदुस्थानात जे जे जर्मन हाती लागले, त्यांना इंग्रज सरकारने तारेच्या कुंपणाआड टाकले. कोणी व्यापारी, कोणी मिशनरी, कोणी यंत्रज्ञ. त्यांत दोन गिर्यारोहक होते. नंगा पर्वताची पाहणी आटोपून परतीच्या बोटीची वाट पाहात ते कराचीला थांबले होते. बोट आली नाही, पोलीस आले. एकाचे नाव पेटर आउफश्नाइटर, वय एकोणचाळीस. दुसरा हाइन्रिख हारर, वय सत्तावीस. दोघेही ऑस्ट्रियाचे. परंतु त्यांचा देश आदल्याच वर्षी जर्मनीने गिळलेला असल्यामुळे इंग्रजांच्या वहीत दोघेही जर्मनच. नगरहून त्यांना देवळालीला आणि तिथून पुढे डेहराडूनच्या मोठ्या छावणीत हलवण्यात आले.

डेहराडूनहून ते कसे पळाले ती कथा मोठी रंगतदार आहे आणि वर्गात सांगितली की पोरे हमखास कान टवकारतात. २९ एप्रिल १९४४ ची भर दुपार. सातजणांपैकी दोघांनी इंग्रज अधिकाऱ्यांचे सोंग घेतले. बाकीचे तोंडाला रंग फासून, डोक्याला पागोटी गुंडाळून हिंदी मजूर बनले. शिडी आणि काटेरी तारेची वेटोळी खांद्यावर घेऊन, जणू कुंपण दुरुस्त करायला निघाले आहेत अशा थाटात, ही वरात पहारेकऱ्यांच्या समोरून फाटकाबाहेर पडली. पुढच्याच महिन्यात त्यांच्यातले काही तिबेटच्या हद्दीत शिरले. एकेक जण गळत गेला. नेपाळच्या सीमेलगतच्या क्यीरोंग गावी बरेच महिने काढून, ऐन हिवाळ्यात चांगथांगचे निर्मनुष्य पठार तुडवून १५ जानेवारी १९४६ रोजी दोघेच ल्हासाला पोचले. अंगावर चिंध्या आणि खिशात जवळजवळ काही नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना इथपर्यंतच रस असतो. मला रस आहे तो ह्यापुढच्या भागात. पळणे हे धाडस खरे, पण ते काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे. त्यानंतर परक्या गावात रोज सकाळी उठायचे, काय खायचे, कोणाला काय म्हणायचे, जळण कुठून आणायचे आणि उद्या कोणी 'चालते व्हा' म्हणाले तर काय करायचे, हे सगळे वर्षानुवर्षांचे काम. आपल्याकडे बदली होऊन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात विचारतात, "काय गुरुजी, इथले पाणी मानवले का?" ल्हासाचे पाणी ह्या दोघांना कसे मानवले, आणि ल्हासाला हे दोघे कसे मानवले, तेच येथे सांगायचे आहे.

ल्हासा बारा हजार फूट उंचीवर, क्यी नदीच्या रुंद खोऱ्यात वसलेले. राजधानी म्हणायची, पण गाव म्हणाल तर आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याच्या ठिकाणाएवढे. मध्ये जोखांगचे प्राचीन देऊळ, त्याभोवती बारखोर नावाचा प्रदक्षिणेचा रस्ता आणि तीच बाजारपेठ, आणि एका बाजूला टेकडीवर पोतालाचा तो प्रचंड प्रासाद. बाहेरच्या जगाने ह्या गावाला 'निषिद्ध नगरी' असे नाव दिले होते. त्या नावाने फार गैरसमज झाला आहे. ल्हासात परके नव्हते असे मुळीच नाही. उलट तिथे परक्यांची पिढ्यान् पिढ्यांची वस्ती होती. काठमांडूच्या खोऱ्यातले नेवार व्यापारी कित्येक शतके तिथे दुकाने थाटून बसलेले. १८५६ च्या नेपाळ-तिबेट तहाने तर त्यांना विशेष हक्क मिळाले. त्यांचे तंटे त्यांचाच वकील सोडवी. घरची बायको काठमांडूला, ल्हासात तिबेटी स्त्रीशी दुसरा संसार. त्या संसारातला मुलगा नेपाळचा प्रजाजन आणि मुलगी तिबेटची, असा व्यवहार ठरून गेलेला! हा व्यापारी म्हातारपणी घरी परतला की त्याला आधी शुद्ध करून घ्यावे लागे, मगच जातीत पान. समुद्र ओलांडणाऱ्याला आपल्याकडे जे प्रायश्चित्त होते, तेच तिकडे हिमालय ओलांडणाऱ्याला. लक्ष्मीप्रसाद देवकोटांच्या 'मुना मदन' ह्या नेपाळी काव्याचा नायक पैसा मिळवायला जातो तो ह्याच ल्हासाला.

दुसरी वस्ती काश्मीर-लडाखकडून आलेल्या मुसलमानांची. तिबेटी त्यांना 'खाछे' म्हणत, म्हणजे काश्मिरी. त्यांची दंतकथा अशी की पाचव्या दलाई लामांच्या काळी एका पीराला लामांनी सांगितले, 'बाण सोड. जिथवर जाईल तिथवरची जमीन तुझी.' त्या जमिनीवर त्यांची मशीद आणि कबरस्तान झाले. म्हणजे परक्याला ल्हासाचे दार बंद नव्हते. बंद होते ते गोऱ्या माणसाला. आणि त्याला कारणही तसेच होते. १९०४ साली यंगहजबंड नावाचा इंग्रज अधिकारी फौज घेऊन, वाटेत शेकडो तिबेट्यांची कत्तल करून ल्हासात शिरला होता. घरात एकदा दरोडा पडला की माणूस दाराला कडी लावायला शिकतो.

तर अशा गावात हे दोघे दाढीवाले भिकारी पश्चिमेच्या वेशीतून आत आले. वेशीवर पकडतील अशी त्यांची खात्री होती. कोणी ढुंकूनही पाहिले नाही. एका मोठ्या घराच्या अंगणात ते बसकण मारून बसले. गर्दी जमली. अखेर थांगमे नावाचा एक तरुण सरदार पुढे आला आणि त्याने त्यांना आपल्या घरी नेले. हा थांगमे ल्हासाच्या विजेचा अधिकारी. होय, ल्हासात वीज होती! तेराव्या दलाई लामांनी १९१३ साली चार तिबेटी मुलांना इंग्लंडात रग्बीच्या शाळेत शिकायला पाठवले होते. त्यांतल्या रिंगांग नावाच्या मुलाने परत येऊन ल्हासाजवळ छोटे वीजगृह उभारले. बर्फाच्या देशातली ती चार पोरे इंग्लंडच्या पावसात, परक्या भाषेत, परक्या पोशाखात कशी राहिली असतील, ह्यावर एखादी कादंबरी व्हावी. असो.

पहिली अडचण भाषेची. दोघांना तिबेटी येत होते. आउफश्नाइटर तर छावणीतच ते शिकला होता. पण बोलणे पक्के झाले ते क्यीरोंगच्या शेतकऱ्यांत आणि पठारावरच्या धनगरांत. ते बोल ऐकून ल्हासाची उच्चकुलीन मंडळी पोट धरधरून हसत. मावळातून थेट उठून कोणी शनिवारवाड्यावर दरबारी बोलायला लागला, तर जे होईल तेच. शिवाय ल्हासाच्या भाषेत आदराची एक निराळीच बोली आहे. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही', 'आपण' इतक्यावर भागते. तिथे थोर माणसाचे अवयवसुद्धा निराळ्या शब्दांचे! माझा हात 'लागपा', थोरांचा हात 'छाग'. माझे डोके 'गो', थोरांचे 'ऊ'. जेवणे, झोपणे, येणे, जाणे, सगळ्याला दुहेरी शब्द. एक चुकला की उद्धटपणा झाला. परक्याला गावात व्याकरणाची चूक माफ असते, पायरीची नसते.

हीच गोष्ट खातागची. खाताग म्हणजे रेशमी पांढरा पट्टा. कोणाकडे जायचे तर तो न्यायचा. निरोप घेताना, विनंती करताना, वर्षारंभाला, सुतकात, सदान् कदा खाताग. आपल्या नारळ-सुपारीचे आणि शालीचे काम तो एकटा करतो. परंतु त्याच्याही प्रती ठरलेल्या, आणि देण्याची रीतही: वरिष्ठाच्या पुढ्यात ठेवायचा, बरोबरीच्याशी अदलाबदल करायची, कनिष्ठाच्या गळ्यात घालायचा. चौघा मंत्र्यांचे मंडळ, भिक्षू अधिकारी, गृहस्थ अधिकारी, जुनी घराणी, अशा ह्या उतरंडीत कोणाकडे आधी भेटीला जायचे हे चुकले तर पुढची दारे बंद. रस्त्यातून चालण्याचीसुद्धा दिशा ठरलेली. बारखोरवरून जायचे ते देऊळ उजव्या हाताला ठेवून. समोरचे दुकान चार पावले मागे असले, तरी श्रद्धाळू माणूस पुरती प्रदक्षिणा घालून तिथे पोचतो.

खाण्यापिण्याचे म्हणाल तर भाजलेल्या जवाचे पीठ, ज्याला त्साम्पा म्हणतात, ते चहात कालवून हाताने मळायचे आणि खायचे. आपल्या सातूच्या पिठाचे थोरले भावंड. चहा चीनमधून विटांच्या आकारात येई. तो उकळून त्यात मीठ आणि लोणी घालून घुसळतात. पाहुण्याचा पेला रिकामा राहू द्यायचा नाही हा शिष्टाचार, त्यामुळे नवख्याची पंचाईत अशी की जितके प्यावे तितके वाढे. जळण याकच्या शेणाचे. गाडी नाही, कारण देशभर चाकांना बंदी. तेराव्या दलाई लामांनी हौसेने दोन लहान ऑस्टिन मोटारी आणि एक डॉज आणवली होती, तीही सुटी करून, माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून. त्यांच्यामागे त्या तशाच पडून होत्या. कालिम्पोंगहून खेचरांच्या तांड्याने माल यायला तीन-तीन आठवडे लागत. वर्षारंभीच्या मोनलाम उत्सवात तर सुमारे तीन आठवडे गावाचा कारभारच द्रेपुंग मठाच्या भिक्षूंच्या हाती जाई. रस्त्यात केर दिसला की दंड. मग सगळे गाव झाडू घेऊन बाहेर! आमच्या नगरपालिकेने हा प्रयोग करून पाहावा असे मला कधीकधी वाटते.

हे सगळे शिकता येते. हुशार माणूस वर्षभरात शिकतो. पण एवढे शिकूनही गावात राहण्याचा हक्क येत नाही. पाहुणचार संपला आणि सरकारी हुकूम आला: दोघांनी तिबेट सोडून हिंदुस्थानात जावे. म्हणजे पुन्हा तारेचे कुंपण. युद्ध संपले होते, पण पळालेल्या कैद्यांचे काय करतील ह्याचा भरवसा नव्हता. नेमका त्याच वेळी हाररला कंबरेचा असा काही वात भरला की त्याला पाऊल टाकता येईना. चांगथांगच्या बर्फावर काढलेल्या रात्रींची ती पावती. लंगड्या माणसाला डोंगर ओलांडायला कसे लावायचे? हुकूम लांबला. ह्या दरम्यान एक फार साधी गोष्ट घडली. आउफश्नाइटर शेतकीचे शिक्षण घेतलेला, मोजणी आणि पातळी जाणणारा. एका बड्या भिक्षू अधिकाऱ्याला आपल्या जमिनीसाठी पाण्याचा कालवा हवा होता. ते काम त्याने आउफश्नाइटरवर सोपवले. मजूर कामाला लागले, चर पुढे सरकू लागला. अर्धा खणलेला कालवा टाकून कोण कोणाला हाकलून देणार? मग हुकमाची आठवण कोणी काढीना. तो कोणी रद्द केला नाही. तो नुसता विसरला गेला. राज्यकारभारात दयेची ही सर्वांत सोयीस्कर रीत आहे.

मला ह्या हकीकतीत सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हेच. ह्या दोघांचा शिष्टाचार ल्हासाला आवडला, त्यांच्या गोऱ्या कातडीचे कौतुक झाले, सरदारांच्या घरी मेजवान्या झडल्या. पण त्यांना तिथे ठेवून घेतले ते पाण्याने. पुढे क्यी नदीच्या पुरापासून नोर्बुलिंगका ह्या दलाई लामांच्या उन्हाळी महालाला धोका होता, म्हणून बांध घालायचे काम हाररकडे आले. शेकडो शिपाई आणि मजूर कामावर. पण फावड्याच्या मातीत एखादे गांडूळ दिसले की ओरडा होई, काम थांबे, आणि तो जीव अलगद उचलून बाजूला ठेवल्यावरच पुढचे फावडे पडे. युरोपात लाखो माणसे मारून नुकतेच एक युद्ध संपले होते, आणि त्या युरोपातून आलेला मुकादम गांडुळासाठी खोळंबलेल्या कामाकडे पाहात उभा! सुरुवातीला त्याचा जीव कासावीस होई. पुढे सवय झाली. बांध पुरा झालाच.

दोघांचा मुक्काम थांगमेकडून त्सारोंगच्या वाड्यात हलला होता. हा त्सारोंग मोठा विलक्षण पुरुष. १९१० साली चिनी फौज पाठलाग करीत असता नदीच्या उतारावर तिला अडवून ह्याने तेराव्या दलाई लामांना निसटू दिले, आणि सामान्य कुळातला हा माणूस सरदार झाला. परक्याला आसरा देणारा बहुधा असाच असतो. स्वतः कधी तरी वेशीबाहेर उभा राहिलेला.

आता ह्या दोघांच्या स्वभावांकडे पाहा. हारर उमदा, खेळकर, चटकन मैत्री करणारा. दलाई लामांच्या आईवडिलांनी त्याला बोलावून घेतले, त्यांचा थोरला भाऊ लोबसांग सामतेन त्याचा स्नेही झाला. त्याने सरदारांच्या मुलांना शिकवले, टेनिस खेळला, बर्फावर घसरण्याचे जोडे मिळवून ल्हासात तो खेळ सुरू केला. लोक म्हणत, हा सुऱ्यांवर चालतो! पोतालाच्या गच्चीवरून दुर्बिणीने गाव न्याहाळणाऱ्या बालक दलाई लामांना हा खेळ दिसेना, म्हणून त्यांनी आपला कॅमेरा पाठवून त्याची फिल्म काढवून घेतली. पुढे नोर्बुलिंगकात त्यांच्यासाठी चित्रपटगृह बांधायचे काम हाररला मिळाले, यंत्राला वीज पुरवायला जीपचे इंजिन. आणि त्यातूनच चौदा वर्षांच्या त्या मुलाचा तो एक प्रकारे शिक्षक झाला. दोघांचा जन्मदिवसही एकच, ६ जुलै. मुलगा त्याला 'पिवळ्या डोक्याचा' म्हणे. शिक्षकाला विद्यार्थी नाव ठेवतात हा नियम पोतालातही लागू होता, ह्याचे मला मोठे समाधान वाटते.

आउफश्नाइटर ह्याच्या उलट. अबोल, एकांडा. तो जमीन मोजत राहिला. कालवे काढले, सांडपाण्याच्या गटारांची आखणी केली, नव्या वीजगृहासाठी जागा हुडकली. खणताना जुनी खापरे, जुन्या कबरी सापडल्या की त्यांच्या नोंदी ठेवल्या. हाररने पुस्तक लिहिले, ते १९५२ साली निघाले आणि जगभर खपले; त्यावर १९९७ साली मोठा चित्रपट झाला. आउफश्नाइटरचे टिपण त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी छापले. माझे मन, खरे सांगायचे तर, ह्या दुसऱ्याकडे अधिक ओढ घेते.

त्याला आणखी एक कारण आहे. चित्रपटाच्या त्याच वर्षी एका ऑस्ट्रियन पत्रकाराने जुनी दप्तरे उकरून काढली: हारर १९३८ साली हिटलरच्या एस. एस. संघटनेत आणि नात्सी पक्षात दाखल झाला होता. आपल्या पुस्तकात त्याने ह्याचा उच्चार केलेला नव्हता. म्हातारपणी त्याने ती आपल्या तरुणपणाची घोडचूक म्हटले. २००६ साली तो वारला. ल्हासाने त्याला ह्याबद्दल कधी विचारले नाही; युरोपातल्या पक्षोपपक्षांशी त्या गावाला कर्तव्यच नव्हते. ल्हासाने विचारले ते एवढेच, 'बांध घालता येतो का?' परक्याला न विचारणे हा गावाचा मोठेपणा म्हणावा की भाबडेपणा, हे मला ठरवता आलेले नाही. परंतु न विचारता दिलेल्या आसऱ्याची परतफेड म्हणून निदान सत्य तरी लवकर सांगायला हवे होते, असे वाटल्याशिवाय राहात नाही.

गावानेही सगळे काही मान्य केले असे नाही. फुटबॉल आधी ल्हासात बराच रुजला होता. पण सामना चालू असताना गारांचा मारा झाला, देव कोपले असे ठरले, आणि फुटबॉल बंद. आपल्याला काय पचेल आणि काय नाही, हे गाव स्वतः ठरवत होते. पण ते ठरवण्याचे दिवस संपत आले होते.

१९५० च्या ऑक्टोबरात चिनी सैन्य पूर्वेकडून आत शिरले आणि चामदो पडले. १७ नोव्हेंबरला पंधरा वर्षांच्या दलाई लामांच्या हाती सगळी सत्ता देण्यात आली. डिसेंबरात ते सीमेजवळच्या चुंबी खोऱ्यात गेले. हारर त्यांच्या आगेमागे निघाला आणि १९५१ च्या मार्चमध्ये हिंदुस्थानात उतरला. आउफश्नाइटरचा पाय निघेना. तो १९५२ पर्यंत तिबेटातच रेंगाळला आणि मग नेपाळात गेला. घरी मात्र गेला नाही. पुढची बरीच वर्षे त्याने नेपाळातच डोंगर मोजण्यात घालवली आणि नेपाळचे नागरिकत्व घेतले.

ह्यानंतर जे घडले ते कादंबरीकाराने रचले असते तर वाचकांनी ओढूनताणून आणलेले म्हटले असते. १७ मार्च १९५९ च्या रात्री दलाई लामा वेष पालटून नोर्बुलिंगकातून निसटले. ज्या महालाभोवती त्या परक्याने बांध घातला होता, तोच हा महाल. ३१ मार्चला ते हिंदुस्थानच्या हद्दीत आले. आधी मसुरी, आणि ३० एप्रिल १९६० पासून धरमशाळेच्या वरचे मॅक्लोडगंज. आता परके कोण? १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपाने हे इंग्रजी हवाखोरीचे ठिकाण मोडकळीस आले होते, आणि फाळणीनंतर तर जवळजवळ ओस. तिथे एकच जुने पारशी दुकान तग धरून होते, नवरोजी आणि पुत्र यांचे, १८६० पासूनचे. ओस बंगल्यांत निर्वासितांची सोय होईल, हे सरकारला सुचवणारे हेच नवरोजी. म्हणजे हजार वर्षांपूर्वी संजाणला उतरलेल्या निर्वासितांच्या वंशजाने ल्हासाच्या निर्वासितांना जागा दाखवली.

पण जागा मिळाली म्हणून पाणी मानवत नाही. कोरड्या थंडीत वाढलेली ही माणसे धरमशाळेच्या धो धो पावसात आणि खालच्या मैदानांच्या उकाड्यात आजारी पडू लागली. क्षयाने पहिल्या वर्षांत अनेकांना गाठले. हजारो स्त्री-पुरुषांना हिमालयात रस्ते खणायचे काम मिळाले. इथेही पुन्हा तेच: परक्याला आधी फावडे. मातीतले गांडूळ वाचवायला ठेकेदार त्यांना उसंत देत होता की नाही, ते कुठे लिहिलेले नाही. जम्मूकडच्या रस्त्यांवरच्या अशाच छावण्यांतून एक्कावन्न आजारी मुले १९६० च्या मे महिन्यात धरमशाळेला आणली गेली, आणि दलाई लामांच्या थोरल्या बहिणीने त्यांच्यासाठी बालगृह काढले. आज तिबेटी मुलांच्या शाळांची मोठी संस्था आहे, तिचा उगम त्या एक्कावन्न मुलांत आहे.

ल्हासाच्या खाछेंची कथा तर आणखी चमत्कारिक. काश्मिरी वंशाचे म्हणून त्यांनी हिंदुस्थानचे नागरिकत्व मागितले आणि बरेचसे श्रीनगरला आले. तीन शतके ल्हासात त्यांना लोक 'काश्मिरी' म्हणत आले होते. काश्मिरात आल्यावर लोक त्यांना 'तिबेटी' म्हणू लागले.

महाराष्ट्रालाही ह्यातला एक धागा येऊन चिकटला आहे. १९७२ च्या सुमारास आजच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगावजवळ गोठणगाव येथे नोर्ग्येलिंग ही तिबेट्यांची वसाहत झाली. विदर्भाचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगायला नको. बारा हजार फुटांवरचे लोक भाताच्या बांध्यांत उतरले. आपल्या शहरांतून दिवाळी सरली की रस्त्याच्या कडेला स्वेटरांच्या ज्या राहुट्या लागतात, तिथे अशाच वसाहतींतली माणसे बसतात. गिऱ्हाईक 'तिबेटी स्वेटर' म्हणून घासाघीस करते. माल पुष्कळसा लुधियानाचा असतो. आपल्या मुलांना त्यांच्याशी हिंदीत बोलायची सवय लागली आहे, पण त्यांच्यातल्या कित्येकांचा जन्म इथलाच. १९५० ते १९८७ ह्या काळात भारतात जन्मलेले तिबेटी भारताचे नागरिक ठरतात, असा निकाल दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१० साली दिला. तरीही अनेकांच्या खिशात परकीयांचे नोंदणीपत्रच असते, आणि ते मुदतीने नवे करून घ्यावे लागते.

आउफश्नाइटर १९७३ साली इन्सब्रुकला वारला. त्याने आणि हाररने १९४८ च्या सुमारास ल्हासाची मोजणी करून एक नकाशा काढला होता: प्रत्येक गल्ली, प्रत्येक वाडा. सरकारने सांगितलेले काम म्हणून त्यांनी ते केले, दिवस उजाडताना, रस्त्यात माणसांची वर्दळ सुरू व्हायच्या आत. पुढे ल्हासा पालटले. जुन्या घरांपैकी फार मोठा भाग पाडला गेला, रुंद रस्ते आले, चाकांची बंदी केव्हाच इतिहासजमा झाली. आता जुन्या ल्हासाचा अभ्यास करणारे लोक कोणता वाडा कुठे होता हे शोधू लागले की त्यांना हाच नकाशा समोर पसरावा लागतो. ज्यांच्या पूर्वजांनी ते वाडे बांधले, त्यांची नातवंडे धरमशाळेला जन्मली आहेत.